एऑर्टोपेक्सीमध्ये धमनी कापत नाहीत, पुढे उचलून बांधतात

आपल्या पाच महिन्यांच्या मुलाच्या सीटी स्कॅनमध्ये इनॉमिनेट धमनी श्वासनलिकेवर दाब देत असल्याचे दिसले, सर्जनांनी एऑर्टोपेक्सी (महाधमनी पुढे उचलून छातीच्या हाडाला बांधण्याची शस्त्रक्रिया) सुचवली, आणि ही धमनी कापून टाकणार का व वर्षभर थांबता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मुलीवर ती सात महिन्यांची असताना हीच शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे आपली धास्ती मला पुरती ठाऊक आहे.

धमनी कापत नाहीत. उजवा हात आणि मेंदूची उजवी बाजू यांना रक्त पुरवणारी ही वाहिनी महाधमनीच्या कमानीतून निघून श्वासनलिकेच्या पुढून उजवीकडे जाते आणि ती प्रत्येकाच्याच शरीरात तशी जाते. तान्ह्या बाळाची छाती लहान, त्यात छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी मोठी आणि श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ असतात, म्हणून काही बाळांमध्ये नलिकेची पुढची भिंत आत दबते. भुंकल्यासारखा खोकला, श्वास सोडताना घरघर आणि दूध पिताना श्वास अडकणे ही त्याचीच लक्षणे आहेत; गिळलेला घास अन्ननलिकेतून उतरताना मागूनही दाब देतो.

थांबण्याविषयी मात्र मी सावधपणे लिहितो. नुसता खोकला आणि घरघर असलेली बरीच मुले, नलिका वाढून कूर्चा घट्ट झाल्या की, पहिल्या एक-दोन वर्षांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. आपला मुलगा मात्र दोनदा निळा पडला, असे आपण लिहिले आहे. श्वास थांबणे, वारंवार न्यूमोनिया होणे किंवा व्हेंटिलेटरवरून काढता न येणे ही शस्त्रक्रियेची ठळक कारणे मानली जातात आणि माझ्या मते स्कॅनमध्ये नलिका किती टक्के दबलेली दिसते यापेक्षा त्यांचे वजन अधिक आहे. तारीख ठरेपर्यंत बाळाचा श्वास थांबल्यास द्यायच्या प्राथमिक उपचाराचे प्रशिक्षण घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने रुग्णालयातूनच घ्यावे, आणि पुन्हा तसे झाले तर थेट तातडीच्या विभागात जावे.

बोस्टनमधील रॉबर्ट ग्रॉस यांनी 1948 मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. छातीच्या डाव्या बाजूने किंवा छातीच्या मधल्या हाडाचा वरचा भाग उघडून आत जातात, जागा होण्यासाठी थायमसचा काही भाग काढतात आणि महाधमनी व इनॉमिनेट धमनी यांच्या बाह्य आवरणातून टाके घेऊन त्या छातीच्या हाडाच्या मागच्या बाजूस बांधतात. धमनी आणि श्वासनलिका यांच्यामधील ऊतक मुद्दाम सोडवत नाहीत, कारण धमनी पुढे गेली की त्याच ऊतकाच्या ओढीने नलिकेची दबलेली भिंतही पुढे येऊन उघडते. मला हे समजले तेव्हा मनावरचे मोठे ओझे उतरले. काही केंद्रांत धमनीचे मूळ महाधमनीवर दुसरीकडे जोडून देतात. त्यात मात्र ती कापून पुन्हा शिवावी लागते, म्हणून आपल्याकडे नेमकी कोणती पद्धत योजली आहे ते विचारून घ्यावे.

सर्जनांना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: टाके आवळताना ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, चालू असेल का? नलिका खरोखर उघडली की नाही ते त्याच क्षणी आतून दिसते आणि कमी वाटल्यास टाका तेव्हाच बदलता येतो. नलिकेची मागची पडदेवजा भिंतही आत येत असेल, तर नुसती एऑर्टोपेक्सी पुरत नाही, म्हणून ती बाजूही आधी नीट पाहिलेली असावी. रक्तस्राव, छातीत हवा किंवा पाणी साठणे आणि श्वासपटलाच्या नसेला इजा हे धोके आम्हालाही आधीच समजावून सांगितले होते.

शस्त्रक्रियेनंतर खोकला लगेच जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. दाब हटला तरी मऊ पडलेल्या कूर्चा घट्ट व्हायला महिने लागतात. माझ्या मुलीचे निळे पडणे त्या दिवसापासून थांबले, पण तो भुंकल्यासारखा खोकला प्रत्येक सर्दीत ती अडीच वर्षांची होईपर्यंत परत येत राहिला.