तुझी पात्रं एकमेकांकडे बघतच नाहीत

तुझं पत्र दोनदा वाचलं, सोबतचा सीनपण वाचला. सेकंड इयर बीकॉमला आहेस, कॉलेजच्या ग्रुपसाठी एकांकिका लिहिलीस, वाचनाला एक सिनियर म्हणाला "माणसं अशी बोलत नाहीत गं, सगळं खोटं वाटतंय", आणि घरचे म्हणतायत बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव, तर आता लिखाण सोडून देऊ का, असं विचारलंयस. नको सोडूस. सिनियरचं म्हणणं बरोबर आहे पण ते सुधारता येतं, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते, कोर्सबिर्स नंतर.

तुझ्या सीनमध्ये बहिणीला कळतं की दादानं आईच्या बांगड्या गहाण टाकल्या. ती लगेच ओरडते, "दादा, तू आमचा विश्वासघात केलास! गेलेल्या आईची शेवटची आठवण होती ती!" आता मला सांग, धनकवडीतला वन बीएचके, आत बाबा झोपलेत, भिंतीपलीकडे शेजारी, हे सगळं तूच वर लिहिलंयस ना? मग ती ओरडेल कशी, उलट आवाज खाली जाईल तिचा. आणि बांगड्या आईच्या होत्या हे दादाला माहितीच आहे की, ते वाक्य ती त्याला सांगतच नाहीये, तू प्रेक्षकांना सांगतेयस तिच्या तोंडून. ती बहुतेक एवढंच म्हणेल, "पावती कुठंय?" आणि तो म्हणेल, "जेवलीस का तू?" बास. तिला सगळं कळलंय हे त्याला कळलं, आणि बाबांना उठवायचं नाही हे दोघांचं न बोलता ठरलंसुद्धा.

धक्का बसल्यावर माणूस काय करेल, एवढाच विचार करून तू लिहितेस. पण समोर कोण उभंय, त्याच्यापासून काय झाकायचंय, या दोघांत आधी काय काय होऊन गेलंय, यावर सगळं ठरतं. हीच मुलगी मैत्रिणीपाशी रडेल, आणि सराफाच्या दुकानात गेली तर "काका, व्याज किती झालंय?" असं अगदी गोड आवाजात विचारेल. राग तोच, माणूस वेगळा.

करिअर मार्गदर्शनाचं काम करते, हे रोज बघते म्हणून सांगतेय. मागे एक कुटुंब आलं होतं, मी मुलीला विचारलं तुला काय आवडतं, तर उत्तर वडलांनी दिलं, "तिला इंजिनीअरिंगच आवडतं." आईनं हातातल्या फाईलची चेन बंद केली, परत उघडली. मुलगी म्हणाली, "हो." तिघं खाली गेले आणि पाच मिनिटांत ती एकटी वर आली, छत्री राहिली म्हणून, आणि दारातूनच घाईघाईत विचारलं, "मॅडम, नाटाचा फॉर्म कधी निघतो?" म्हणजे आर्किटेक्चर. एकानंही मनातलं बोलून दाखवलं नव्हतं आणि मला सगळं घर दिसलं. तुझ्या सीनमध्ये मला हे हवंय, प्रश्न एकाला आणि उत्तर दुसऱ्याचं, कोणीतरी विषय बदललेला, कोणाचे तरी हात उगीच चाललेले.

सवय करायची तर पीएमपीच्या बसमध्ये, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर कान उघडे ठेव आणि घरी येऊन लिही, पण बोलणं लिहायच्या आधी कोणी कोणाला उत्तर दिलं नाही ते लिही. आणि लिहिलेलं नटांकडून मोठ्यानं वाचून घे, खोट्या वाक्यावर ते हमखास अडखळतात.

आता करिअर. पुण्यात आहेस हे तुझं भाग्य समज. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात जाऊन समोर बसून बघ, एकाच दिवसात तीन-चार ग्रुपची माणसं कशी बोलतात ते ऐकायला मिळतं. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचं रीतसर शिक्षण आहे, लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात, त्याला पदवी लागते पण ती कुठल्याही शाखेची चालते, म्हणून बीकॉम अजिबात सोडायचं नाही. मालिकांमध्ये पटकथा आणि संवाद यांची नावं बऱ्याचदा वेगवेगळी येतात बघ, म्हणजे नुसतं बोलणं लिहिणं हेसुद्धा एक स्वतंत्र काम आहे. पैसा मात्र सुरुवातीला अनियमित असतो, हे घरी आपणहून सांग, लपवू नकोस. बँकेचा क्लास लावायचा तर लाव, संध्याकाळी एक तास लिखाणाचा तेवढा राखून ठेव.

तो सीन परत लिहून पाठव. दादाला पैसे कशाला लागले ते तू कुठंच लिहिलेलं नाहीयेस, बहिणीला ते माहितीये की नाही हे आधी ठरव, मग तिचं पहिलं वाक्य लिही.