सतरा-सीची प्रत घेतली का?

निवडणूक शाखेत नायब तहसीलदार म्हणून निम्मी नोकरी गेली. या खेपेच्या पत्रांत पुन्हा गेल्या खेपेचेच प्रश्न आहेत, गावं तेवढी बदलली.

मतदार कार्ड हरवलं आहे. मतदान करता येईल का? (बार्शी)

यादीत नाव असेल तर येईल. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, यांतलं काहीही चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही.

‘यादीत नाव नसलं तरी कलम ४९-ए सांगून चॅलेंज व्होट मागा. केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले की फेरमतदान होतं.’ हा मेसेज खरा आहे का? (निगडी)

नाही. २०१९ पासून हा फिरतो आहे आणि दर निवडणुकीला कोणीतरी तो मोबाइलवर दाखवत केंद्राध्यक्षाशी भांडतं. यादीत नाव नाही तर मत नाही, विषय संपला. ‘चॅलेंज’ हा तुमचा हक्क नव्हे, तुमच्यावरचा आक्षेप आहे. ‘हा तो माणूस नव्हे’ असं म्हणत उमेदवाराने केंद्रावर बसवलेला माणूस, म्हणजे पोलिंग एजंट, दोन रुपये भरून तो घेतो.

टेंडर म्हणजे प्रदत्त मत खरं आहे, नियम ४९-पी. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल आणि केंद्राध्यक्षाची तुमच्याबद्दल खात्री पटली, तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद राहते, मतमोजणीत धरली जात नाही. तरीही ती मागाच, कारण पुढे कोर्टात तोच पुरावा असतो. १४ टक्क्यांचा आकडा मात्र कुठल्याही नियमात नाही.

नोकरीमुळे पुण्यात भाड्याने राहतो. नाव साताऱ्यालाही आहे, पुण्यातही. मत एकाच ठिकाणी देतो. मग बिघडलं कुठे? (पुणे)

बिघडलं ते अर्ज भरताना. पत्ता बदलला की नमुना ८ भरायचा असतो, तुम्ही नव्या मतदारासाठीचा नमुना ६ भरलात. त्यात ‘माझं नाव इतरत्र नाही’ असं सही करून लिहून द्यावं लागतं, आणि खोट्या निवेदनाला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. साताऱ्याचं नाव नमुना ७ भरून काढून घ्या. तहसील कचेरीतल्या निवडणूक शाखेत जाऊन सरळ सांगितलंत तर कोणी फाशी देत नाही. नोटीस आलीच असेल तर उत्तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

सायबर कॅफेवाला म्हणतो, नवं प्लॅस्टिक कार्ड काढा, नाहीतर नाव उडेल. साडेतीनशे रुपये मागतो. (नांदेड)

देऊ नका. कार्ड जुनं झालं म्हणून नाव उडत नाही, आणि नोंदणीचा अर्ज फुकट आहे. साडेतीनशे रुपयांपेक्षा मला वेगळीच चिंता वाटते. तुमचं आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी त्याच्या हातात जातो. राजुरा मतदारसंघात २०२४ ला आलेले नव्या नोंदणीचे सहा हजारांहून जास्त ऑनलाइन अर्ज बोगस ठरून फेटाळले गेले, पोलिसांत गुन्हा नोंदला. अर्ज स्वतः भरा, नाहीतर बीएलओला, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. त्यांचा नंबर मिळत नसेल तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा.

विधानसभेला संध्याकाळी पाचला ५८ टक्के होते, नंतर ६६ कसे झाले? मारकडवाडी गावाने ठरवलं तसं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन एकदाचा सोक्षमोक्ष का लावत नाहीत? (अकलूज)

हा प्रश्न जवळजवळ रोज येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२० नोव्हेंबर २०२४ चा पाच वाजताचा आकडा ५८.२२ होता, अंतिम ६६.०५. पाचचा आकडा फोनवरचा असतो. रांग सांभाळता सांभाळता केंद्राध्यक्ष तो क्षेत्रीय अधिकाऱ्याला सांगतो, तिथून वर जातो. मतदान सहापर्यंत. सहाला रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, त्याही शेवटच्या माणसापासून पुढे येत, म्हणजे नंतर कोणी मागे उभं राहू शकत नाही. एवढ्याने सगळा फरक सुटतो असं मी म्हणणार नाही, मी प्रत्येक केंद्रावर नव्हतो. पण तो तपासायचा कागद प्रत्येक केंद्रावर तयार होतो.

तो कागद म्हणजे सतरा-सी. मतदान संपलं की यंत्राचं ‘क्लोज’ बटण दाबतात, एकूण मतांचा आकडा दिसतो. तो आकडा, यंत्रांचे क्रमांक, कागदी सीलचे क्रमांक या नमुन्यात लिहून हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला प्रत द्यायची, हा नियम आहे. मोजणीच्या दिवशी यंत्रातला एकूण आकडा या कागदाशी पडताळतात. म्हणजे रात्रीतून मतं वाढली असा संशय असेल, तर मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांच्या प्रती जमवून बेरीज करायची. बेरीज चौथीतल्या पोराला येते.

प्रती जमतात का? एका केंद्रावर मी स्वतः पाहिलं आहे. सकाळी पाच एजंट होते, जेवणानंतर तीन, आणि केंद्राध्यक्ष प्रती घेऊन बसले तेव्हा एकच, तोही ‘लवकर आटपा साहेब, गाडी थांबलीय’ म्हणणारा. त्याच पक्षाची मंडळी पुढे यंत्राच्या नावाने बोटं मोडत होती.

दोष एकाच बाजूचा नाही. हा कागद आयोगाने आपण होऊन संकेतस्थळावर का टाकू नये? मे २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, निवडणूक चालू असल्याने न्यायालयाने आदेश दिला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात निवडणुकीची कागदपत्रं लोकांना दाखवण्याबाबतचा नियम ९३ बदलून सीसीटीव्ही चित्रीकरण लोकांच्या हातून काढून घेतलं. गोपनीयतेचं कारण मला समजतं. पण संशय वाढत असताना कपाटाला कुलूप घालणं हा काही कारभार नव्हे.

मारकडवाडीच्या लोकांचा राग मी समजू शकतो, पण गावाने आपलं आपण घ्यायच्या मतदानाला कायद्यात किंमत नव्हती आणि प्रशासनाने ते जमावबंदी लावून थांबवलंच. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रातून छापल्या जाणाऱ्या, सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली गेली, प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच यंत्रांच्या मोजतात. त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागण्याची सोय दिली. मुदत निकालापासून सात दिवस. ते सात दिवस बहुतेकांचे पत्रकार परिषदांत जातात.

विधानसभेचा उमेदवार होतो, पडलो. आता तीन महिन्यांनी केंद्रावरचं फुटेज मागायचं आहे. (यवतमाळ)

उशीर झाला. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. २०२५ च्या सूचनेनुसार याचिका नसेल तर ४५ दिवसांनंतर फुटेज ठेवलंही जात नाही. ग्रामपंचायतीला तर पंधराच दिवस मिळतात. तरी आजच निवडणूक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला भेटा, उद्या नको.

दुबईत आहे. ऑनलाइन मत देता येईल का? (मूळ गाव रत्नागिरी)

नाही. नमुना ६-ए भरून नाव नोंदवा आणि मतदानाला पासपोर्ट घेऊन या.

कुठल्या पक्षाचा नाही. पोलिंग एजंट होता येईल का? (वाई)

येईल, पण उमेदवाराने सही केलेलं नेमणूकपत्र लागतं, नमुना १०. अपक्ष उमेदवारालाही एजंट लागतात आणि त्यांना ते मिळत नाहीत, तिथे विचारा. सरकारी नोकरीत असाल तर होता येणार नाही. बाकी अटी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत आधी विचारून घ्या, त्या बदलतात. मतदान सातला सुरू होणार असेल तर पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर राहा. अभिरूप मतदानात (मॉक पोल) किमान पन्नास मतं टाकून, मोजून, यंत्र पुसतात, ते डोळ्यांनी बघा. आणि डबा घरून न्या.