मरणाविषयीच्या कुतूहलाबद्दल

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

मरणाविषयी इतके कुतूहल वाटणे हे विकृतीचे लक्षण आहे का, असे तू विचारले आहेस. मला तसे मुळीच वाटत नाही. मात्र हे कुतूहल केवळ पुस्तकांवर पोसू नकोस, एवढे आग्रहाने सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मरण नाकारण्यापासून ते स्वीकारण्यापर्यंतच्या ज्या पाच अवस्था मांडल्या, त्या मरणाच्या दारातील रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांच्या दुःखाला ते माप पुढे लावले गेले, आणि आपल्या किनाऱ्यावर ते मला अपुरे वाटते.

हर्णैसारख्या बंदरातून गेलेला खलाशी परतला नाही आणि देहही हाती लागला नाही, तर त्याच्या घराने नेमके काय स्वीकारायचे? त्याच्या बायकोने कुंकू लावावे की पुसावे, दहावा कोणत्या तिथीला धरावा, हे तिला कोण सांगणार? सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, त्याचा मृत्यू कायदा गृहीत धरतो. शास्त्रकारांनी मात्र निराळी वाट काढली: पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन, डोक्याला किती, छातीला किती हे ठरवून मनुष्याकृती रचावी आणि तिला अग्नी द्यावा. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) यासाठी अवश्य वाच. अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध यांचा एवढा सविस्तर विचार तुला क्वचितच सापडेल. आपले माणूस गेले हे मनाला पटण्याआधी हातांना काही करायला द्यावे, अशी समज मला त्या विधीत दिसते. तरीही एखादी बाई तो विधी नाकारून वाट पाहत राहिली, तर तिला घाई करण्याचा अधिकार भाऊबंदांना नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा वाडीत कोणी गेले की तू घरात बसू नकोस. ऐन आषाढात चितेसाठी सुकी लाकडे जमवणे किती कठीण असते, ते पुरुषमाणसांबरोबर जाऊन पाहा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेथे पिठलंभात पोहोचव. प्रश्न विचारू नकोस. लोक आपणहून बोलतात, तेव्हा ऐक.

आणि हे कुतूहल कधी तुझ्या स्वतःच्या मरणाकडे वळू लागले, तर पत्र लिहीत न बसता, मध्यरात्र असली तरी, मला फोन कर.

तुझा,
काका