फायरप्लेसवरचं सोळा हजार डॉलरचं चित्र

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. 2023 मध्ये घर घेतलं, कर्ज पावणेसात टक्क्यांचं आहे. हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस आहे आणि तिच्या वरची भिंत अजून रिकामीच आहे. मागच्या भारतवारीत मुंबईच्या एका गॅलरीत ह्यांना एका ज्येष्ठ चित्रकाराचं तैलचित्र फार आवडलं. चार फूट बाय तीन फूट, किंमत 16 हजार डॉलर. पाच वर्षांत दुप्पट होईल असं गॅलरीवाले म्हणतात. ह्यांच्या मते पैसे होम इक्विटी लाइनमधून, म्हणजे घर तारण ठेवून, घ्यावेत (आठ टक्के, पाच वर्षं), नाहीतर मुलीच्या 529 मधून, म्हणजे कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, काढावेत. ती यंदा दहावीत आहे. बचत खात्यात 22 हजार आहेत, महिन्याचा खर्च साडेसात हजार. मला मात्र सांगलीच्या घरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी इथे आणायची आहे. आजेसासऱ्यांनी घेतलेली, शंभर वर्षं तरी झाली असतील असं सासूबाई म्हणतात. मुलाला तिथे टीव्ही हवाय. काय करावं?

उत्तर : ताई, टीव्हीचा निकाल आधी लावून टाकतो, कारण तो सोपा आहे. खालून गरम हवा येते आणि मान वर करून बघावं लागतं. त्याला दुसरी भिंत द्या.

आता चित्र. तुमच्या यजमानांना ते आवडलंय यात मला काही खोट दिसत नाही. माणसं याहून जास्त पैसे गाडीच्या वरच्या मॉडेलवर घालवतात आणि त्यांना कोणी जाब विचारत नाही. मला खटकतं ते 'दुप्पट होईल' हे वाक्य, कारण त्याच्याच भरवशावर कर्ज काढायची भाषा सुरू झाली आहे. तेव्हा गॅलरीवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं धरू आणि हिशेब मांडू.

चित्र 16 हजारांचं. मुंबईहून नीट क्रेटमध्ये बांधून आणणं आणि इथली फ्रेम यांचे दीड हजार धरा, झाले साडेसतरा. आठ टक्क्यांनी पाच वर्षांत 16 हजार फेडायचे तर महिन्याला 324 डॉलर, म्हणजे व्याजच साधारण 3,465. हे व्याज करातून वजा होत नाही. होम इक्विटीच्या व्याजाची वजावट घर घ्यायला, बांधायला किंवा त्यात भरीव सुधारणा करायला पैसे वापरले तरच मिळते. भिंतीवर चित्र लावणं त्यात बसत नाही. एकूण तुमच्या खिशातून गेले जवळपास 21 हजार.

पाच वर्षं झाली, चित्र खरोखर दुप्पट झालं. लिलावात कोणीतरी त्यासाठी 32 हजार मोजले. पण हे 32 हजार म्हणजे घेणाऱ्याने भरलेली पूर्ण रक्कम. लिलावघर बोलीच्या वर घेणाऱ्याकडून प्रीमियम, म्हणजे स्वतःचं शुल्क, घेतं, तो साधारण पंचवीस टक्के धरा. म्हणजे हातोडा पडला 25,600 वर. त्यातून विकणाऱ्याचं कमिशन दहा टक्के गेलं, तुमच्या हाती आले 23,040. आता कर. अमेरिकेत चित्र हे 'कलेक्टिबल' धरतात. शेअर दीर्घकाळ ठेवून विकला तर बहुतेकांना 15 टक्के कर लागतो. कलेक्टिबलला तुमच्या नेहमीच्या टप्प्याचा दर लागतो, वरची मर्यादा 28 टक्के. तुम्ही 24 टक्क्यांच्या टप्प्यात आहात असं धरलं तर 5,540 डॉलरच्या नफ्यावर (23,040 वजा साडेसतरा हजार) साधारण 1,330. उरले 21,700. खर्च झालेले 21 हजार वजा करा. दुप्पट झालेल्या चित्राने पाच वर्षांत सातशे-साडेसातशे डॉलर मिळवून दिले, आणि त्यातून न्यू जर्सीचा राज्यकर अजून जायचाय.

दुप्पट न होता चित्र आहे तिथेच राहिलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यात एक बारीक कलम आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. घरात वापरासाठी टांगलेलं चित्र तोट्यात विकलं तर तो तोटा करात दाखवता येत नाही. नफा झाला तर सरकार वाटेकरी, तोटा झाला तर तुमचा तुम्ही.

गॅलरीवाल्यांनी तुम्हाला हुसेनचं उदाहरण दिलं असेलच, हल्ली सगळेच देतात. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचं 'ग्रामयात्रा' 1 कोटी 37 लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत गायतोंडेंच्या 1970 च्या एका चित्राला 67 कोटी रुपये मिळाले. दोन्ही आकडे खरे आहेत. पण 'ग्रामयात्रा' 1954 मध्ये एका डॉक्टरांनी नॉर्वेला नेलं आणि पुढे कित्येक दशकं ते ओस्लोच्या एका इस्पितळात टांगलेलं होतं. सत्तर वर्षं थांबायची तयारी आहे का, हा एक प्रश्न. दुसरा असा की त्याच 1954 साली मुंबईत इतर चित्रकारांची जी असंख्य चित्रं विकली गेली, ती आज कुठे आहेत? बरीचशी माळ्यावर. लिलावाच्या बातम्यांत फक्त उरलेली दिसतात. 2005 ते 2008 या काळात भारतीय चित्रांच्या किमती अशाच उधळल्या होत्या, चित्रांत पैसा गुंतवणारे फंडही निघाले. मंदी आली तेव्हा त्या फंडांना गुंतवणूकदारांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत, कारण चित्र विकायचं म्हणजे आधी घेणारा शोधावा लागतो.

तरीही यजमानांना गॅलरीवर विश्वास असेल तर एक साधी गोष्ट करा. 'पाच वर्षांनी तुम्हीच आजच्या किमतीला परत घ्याल का, तसं लेखी द्याल का,' एवढंच ईमेलवर विचारा. दुप्पट नको, आजचीच किंमत. उत्तर काय येतं ते मला नक्की कळवा.

आता पैशाच्या जागा. 529 ला हात लावू नका. शिक्षणाबाहेरच्या कामासाठी काढलं तर त्यातल्या वाढीवर आयकर आणि वर दहा टक्के दंड. मुलगी दहावीत आहे, कॉलेजची पहिली फी तीन वर्षांच्या आत दारात येईल. होम इक्विटीचं वर झालंच. रोख द्यायचे तर बचतीत 22 हजार आहेत, म्हणजे तीन महिन्यांचाही खर्च पूर्ण निघत नाही. घरचा हप्ता पावणेसात टक्क्यांचा असताना ही गंगाजळी सहा महिन्यांची, म्हणजे 45 हजारांची हवी. माझ्या हिशेबी 16 हजारांचं चित्र घ्यायची ऐपत आज तुमच्याकडे नाही. उद्या असेल. यजमानांना हे ऐकायला आवडणार नाही, पण ते हे उत्तर वाचणार आहेत म्हणूनच स्पष्ट लिहितोय.

आणि समजा ऐपत असती, तरी ते चित्र मी फायरप्लेसवर लावू दिलं नसतं. चित्रांचं जतन करणारी माणसं एकमुखाने सांगतात, पेटत्या फायरप्लेसच्या वर तैलचित्र नको. कॅनव्हास उष्णतेने कोरड्या झालेल्या हवेत आक्रसतो, दमट हवेत सैल पडतो. वरचा वाळलेला रंग तेवढा लवचिक नसतो, त्याला तडे जातात. तुमच्याकडे जानेवारीत हीटिंगने हवा आधीच ठणठणीत कोरडी असते, त्यात रोज संध्याकाळी खालून गरम झोत. आजच करून बघण्यासारखं : मँटेलच्या (फायरप्लेसवरच्या फळीच्या) वर फूटभर अंतरावर एक साधा थर्मामीटर चिकटपट्टीने लावा, तासभर फायरप्लेस चालवा आणि खोलीच्या दुसऱ्या भिंतीवरच्या आकड्याशी तुलना करा. विम्याचं म्हणाल तर महागडं चित्र पॉलिसीत वेगळं नोंदवता येतं, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो. पण चोरी, आग, अपघात वेगळे आणि उष्णतेने हळूहळू झालेली खराबी वेगळी. ही दुसरी सहसा पॉलिसीत वगळलेलीच असते.

म्हणजे या जागेला असं काहीतरी हवं, जे खराब झालं तर हळहळ वाटेल पण खिशाला झळ बसणार नाही. इथे तुमची लक्ष्मी कामाला येते.

मूळ प्रत मात्र अशी सहज आणता येणार नाही, ताई. 1972 च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय रविवर्मा हे ज्या नऊ कलावंतांचं काम राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालंय त्यांपैकी एक, त्यामुळे कस्टम्सवाले हे नाव दिसलं की थांबतातच. हा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतरही बराच काळ छापत राहिला. त्यामुळे तुमची प्रत शंभरीच्या अलीकडची असायची शक्यता आहे. पण ते ठरवणार पुरातत्त्व खातं, सासूबाई नव्हेत, आणि त्यांच्या दाखल्याशिवाय बॅगेत घातलेली प्रत शंभरीपलीकडची निघाली तर तो गुन्हा आहे. 'कपड्यांच्या घडीत ठेवली तर कोण बघतंय' असं सांगणारे नातेवाईक भेटतील. ऐकू नका.

त्याऐवजी तिचा स्कॅन करून घ्या. काचेतून मोबाइलने काढलेला फोटो चालणार नाही. सांगली-कोल्हापुरात किंवा पुण्यात मोठा स्कॅनर असलेला स्टुडिओ शोधा, फ्रेम जपून उघडायला लावा आणि 600 डीपीआयचा (इंचाला 600 ठिपके) स्कॅन मागा. त्यातून मूळच्या दीडपट आकाराची प्रिंट सहज स्वच्छ येते. रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही. प्रिंट इथे एडिसनलाच काढा, धातूच्या फ्रेममध्ये बसवा. सगळं मिळून चार-पाचशे डॉलरच्या आत भागावं. दहा वर्षांनी उष्णतेने फिकी पडली तर त्याच फाइलवरून दुसरी काढा. मूळ प्रतीचंही त्या निमित्ताने बघून घ्या. 2019 च्या पुरात सांगलीत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तळमजल्यावर असेल तर वरच्या मजल्यावर न्या, ओल धरणारी भिंत टाळा, मागचा जुना पुठ्ठा बदलून घ्या.

मापाचं सांगतो. मँटेलच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांश रुंदीची फ्रेम शोभते असा इथल्या सजावटकारांचा ठोकताळा आहे. पण लक्ष्मी उभ्या आकाराची आहे, तो हिशेब तिला लावला तर ती छताला टेकेल. तेव्हा उंचीच्या मानाने प्रिंट ठरवा. आणि नाताळात मुलं मँटेलला मोजे टांगत असतील तर लक्ष्मीच्या पायाशी मोजे लटकणार, याची कल्पना सासूबाईंना आधी देऊन ठेवा.

यजमानांसाठी : गंगाजळी 45 हजारांवर गेली की महिन्याला 324 डॉलर, म्हणजे जो हप्ता ते बँकेला द्यायला तयार होते तोच, वेगळ्या खात्यात टाकायला लागा. वर्षाला जवळपास 3,900 जमतात. पुढच्या वारीला काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत एक दुपार काढा. तिथे चित्रकार बहुतेक वेळा आपल्या चित्रांपाशी स्वतःच बसलेला असतो, त्याच्याशी बोलून घेता येतं, आणि हजार-दोन हजार डॉलरमध्ये चांगलं मूळ काम मिळतं. जे.जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाची वेळ साधली तर त्याहून कमीत. बिलावर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, माप लिहून घ्या; चित्राच्या पाठीमागे सही मागा. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुना दर लावलेलं बिल हातात आलं तर विचारा. हाताने रंगवलेल्या मूळ चित्राला अमेरिकेत मूळ आयातशुल्क नाही, तरी निघायच्या आधी त्या वेळचा नियम पाठवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. ते चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावा, फायरप्लेसपासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब.

आणि आत्ता गॅलरीला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मिळते का, हे पावतीच्या मागच्या बाजूला बघा.