जुन्या मॅसी 1035 ट्रॅक्टरचा ऑइल पंप दुरुस्त होतो का, की नवाच टाकावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सकाळी ऑइल प्रेशरचा काटा ठीक असतो, तासभर नांगरणी झाली की स्लोवर (रेस न देता) जवळजवळ शून्यावर येतो, आणि मिस्त्री म्हणतो पंप फेका. फेकू नका. अजून खोलूही नका.

आमच्याकडे कळमेश्वरला हाच ट्रॅक्टर आहे, वडिलांनी घेतलेला. काटा पडला म्हणून मी नागपूरहून नवा पंप आणून बसवला, आणि गरम झाल्यावर काटा पुन्हा तिथेच. पंप प्रेशर बनवत नाही, तो फक्त तेल ढकलतो. ते तेल बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना अडतं, त्यातून प्रेशर येतं. फट रुंद झाली आणि मे महिन्यात तेल पाण्यासारखं पातळ झालं, तर नवा पंपही पुरा पडत नाही. माझे मेनचे शेल, म्हणजे क्रँकच्या मुख्य बेअरिंगच्या वाट्या, झिजून तांबं दिसायला लागलं होतं.

म्हणून आधी दुसरा, खात्रीचा गेज लावून बघा. गरम इंजिन, पूर्ण रेसवर 30 ते 60 पौंड (psi) प्रेशर हवं. जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का, स्प्रिंग बसलीय का, तेही पाहा. एवढं करून प्रेशर कमीच राहिलं, तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवा.

इथे जिवाला जपा. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही, बिडाचं चेंबरच पुढचा भार पेलतं. म्हणजे पुढचा अॅक्सल सोडवावा लागतो. अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, आणि मागच्या भागाखाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर कुणीही खाली जाऊ नये.

आता पंप. इंजिनातल्या बाकी सगळ्या भागांना फिल्टरमधून गाळलेलं तेल मिळतं, पंपाला मात्र फक्त जाळीतून आलेलं. बारीक माती, लोखंडाचा कीस, सगळं आधी त्याच्या पोटातून जातं. म्हणूनच तो झिजतो. आत दोन रोटर असतात, एकात एक फिरणारे. काढण्याआधी कुठली बाजू वर होती ते मार्करने लिहून ठेवा. मग फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तीन फटी मोजा: दोन रोटरमधली, बाहेरचा रोटर आणि बॉडीमधली, आणि वर सरळ पट्टी ठेवून रोटर नि बॉडीच्या तोंडातली. या शेवटच्या फटीकडे बहुतेक मिस्त्री बघतच नाहीत, आणि गरम पातळ तेल तिथूनच सगळ्यात जास्त मागे पळतं. मी तिथे तीन थाऊच्या (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.075 मिमीच्या वर जाऊ देत नाही. नेमकी मापं तुमच्या इंजिन नंबरच्या मॅन्युअलमधून घ्या, कारण वर्षांप्रमाणे पंप बदललेत.

कव्हरवर गोल चरे पडले असतील तर जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर, थोडं डिझेल, आणि हात आठच्या आकड्यात फिरवत घासा. चर खोल असेल तर हिंगणा एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. रोटर झिजले असतील तर जोडीनेच बदला, एक जुना एक नवा कधीच नाही. बॉडीच आतून ओरखडली असेल तरच नवा पंप. जाळीकडच्या पाइपचं पॅकिंग नवं घाला. तिथून हवा ओढली तर सगळी मेहनत वाया जाते.

बसवताना पंप चांगल्या तेलाने भरा, ग्रीसने नाही. डिझेल बंद ठेवून काटा उचलेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा, मधे स्टार्टरला थंड होऊ द्या. काटा उचलल्याशिवाय सुरू करू नका.

आणि चेंबर खाली आहे तोवरच मेन नि कनेक्टिंगचे शेल उघडून बघा. मी ते पहिल्या वेळी केलं नाही, आणि ऐन मृगाच्या तोंडावर पुढची चाकं दुसऱ्यांदा काढावी लागली.