विल्सनला जायचं ठरलं, आता राहायचं कुठे?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या विल्सन कॉलेजात बीएची अ‍ॅडमिशन झाली, फार बरं वाटलं. आता राहण्याचं. तू लिहिलंस की हॉस्टेल, डोंबिवलीचे काका आणि कॉट बेसिसवरची खोली असे तीन पर्याय घरात चघळले जात आहेत आणि बाबांना ‘मिशनऱ्यांचं हॉस्टेल’ मुळीच पसंत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिलं वर्ष कॉलेजच्या हॉस्टेलवर काढ. बाकीचं पत्र बाबांना वाचून दाखव, कारण त्यातलं बरंचसं त्यांच्यासाठीच आहे.

तिथे मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेला बसवतील ही त्यांची भीती उगीच नाही, आणि ती आजची तर नाहीच. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनसाहेबांनी मुंबईत 1832 साली शाळा काढली, तिचंच पुढे हे कॉलेज झालं. 1839 मध्ये तिथल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात गदारोळ उठला. आप्तांनी त्या वेळच्या सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली, कितीतरी पालकांनी मुलं शाळेतून काढून नेली. पुढे 11 मार्च 1889 ला ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू केली, तीही तुझं कॉलेज आहे त्या चौपाटीलाच. मुली आपापला धर्म पाळतील असं ठरलेलं होतं. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेलं आणि 1893 मध्ये रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. विल्सनचं मुलींचं वसतिगृह आज याच रमाबाईंच्या नावाने आहे, गावदेवीत, कॉलेजपासून पायी जाण्याच्या अंतरावर. (मुलांचं ते मॅकिकन हॉल. तुझ्या भावाला पुढेमागे उपयोग होईल.)

म्हणजे बाबा विचारतात तो प्रश्न रानड्यांनाही पडला होता. फरक एवढाच की आज त्याला कायद्यात उत्तर आहे. राज्यघटनेचं अनुच्छेद 28, खंड 3: सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. तुला अठरा पूर्ण झाली असतील, तर निर्णय तुझा. प्रार्थनेची घंटा झाली की जायचं की नाही, हे रेक्टरबाईंना पहिल्याच भेटीत सरळ विचार. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि कधी कुतूहल म्हणून जाऊन बसलीस तरी आभाळ कोसळत नाही, हे मात्र बाबांना वाचून दाखवताना गाळलंस तरी चालेल.

अल्पसंख्याक संस्था असल्यामुळे हॉस्टेलच्या जागा वाटताना ख्रिस्ती मुलींचा आधी विचार होतो का, हे फॉर्म भरण्यापूर्वी विचारून घे. कॉलेजमध्ये प्रवेश झाला म्हणजे हॉस्टेल मिळालंच असं नसतं. तो फॉर्म, ती यादी, ती फी, सगळं वेगळं.

आता काका. काका-काकू देवमाणसं आहेत, मला माहीत आहे. पण डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेवर, तिथून चर्नी रोड. वसई-विरारला राहणाऱ्या मुलींची गत वेगळी नसते: विरार फास्ट चर्नी रोडला थांबतच नाही, मुंबई सेंट्रलला उतरून स्लो धरावी लागते. सकाळच्या गर्दीत लेडीज डब्याच्या दारात लटकलेली तू मला बघवायची नाहीस. रोजचे तीन-साडेतीन तास रुळांवर गेले की लायब्ररी, नाटकाची तालीम, संध्याकाळचं व्याख्यान हे सगळं आपसूक सुटतं, आणि मुंबईत शिकायला जायचं ते याचसाठी. शिवाय दुसऱ्याच्या घरी रात्री अकराला दिवा चालू ठेवायचाही संकोच होतो. काकांचा खरा उपयोग निराळाच आहे. हॉस्टेल बहुधा ‘लोकल गार्डियन’ची सही मागतं. रात्री बाहेर राहायचं असेल, आजारपण आलं, तर फोन त्यांनाच जातो. ती सही काकांकडून घे आणि महिन्यातून एका रविवारी जेवायला जा. नातं टिकेल.

कॉट बेसिसबद्दल थोडक्यात. गिरगावात, ग्रँट रोडला एका खोलीत चार-पाच खाटा टाकून भाड्याने देतात. स्वस्त दिसतं, पण डिपॉझिट, दलाली, वीज वेगळी असा हिशेब मांडलास की स्वस्ताई विरते. करार अकरा महिन्यांचा असतो. मधेच सोडलं तर डिपॉझिटमधून किती कापणार ते लेखी नसेल तर पैसे देऊ नकोस. दुसऱ्या वर्षी, चार मैत्रिणी पारखून झाल्यावर, हा विचार खुशाल कर. हॉस्टेलच्या यादीत नाव नाहीच आलं, तर खोली शोधण्याआधी मुलींची वसतिगृहं चालवणाऱ्या वायडब्ल्यूसीए या संस्थेत चौकशी कर.

हॉस्टेल बघायला जाशील तेव्हा नियमपत्रक मागून घे आणि टॅक्सीत नको, तिथेच बसून वाच. गेट किती वाजता बंद होतं, परीक्षेच्या काळात सवलत आहे का, मेस सक्तीची आहे का, उपासाच्या दिवशी काय, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का. शेवटचा मुद्दा बहुतेकजणी विसरतात आणि मग बॅगा घेऊन ऐन सुट्टीत तिकिटासाठी पळतात. मग खोलीत जा. गादी उचल, खाटेच्या सांध्यांत बघ: काळे ठिपके असतील तर ढेकूण आहेत. पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात ते तिथल्या मुलीला विचार, रेक्टरला नको. गेटवरच्या रजिस्टरकडेही नजर टाक. नाव, कुठे, किती वाजता, सही. तुला ते वही-प्रकरण पहिल्या महिन्यात कैदेसारखं वाटेल. मलाही माझ्या हॉस्टेलवर वाटलं होतं, आणि माझं मत अजून पुरतं बदललेलं नाही. मुलांच्या गेटला सूट आणि मुलींच्या गेटला घड्याळ हा न्याय मला कधी पटला नाही. पण शहर नवं असताना, आपण परतलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, याचीही किंमत असते.

रॅगिंगबद्दल आईने विचारलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमांनुसार तुझं आणि पालकांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, हॉस्टेलसाठी आणखी एक. ते भरताना हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये घालून ठेव: 1800-180-5522.

पैशांचं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबईत वर्षाला 60,000 रुपये मिळतात, उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. तुझ्याबरोबर येणाऱ्या मैत्रिणीला हे सांग. पण रक्कम खात्यात पडेल तेव्हा आपली. पहिल्या सत्राचा खर्च तिच्या भरवशावर ठेवायचा नाही.

आणि एक, अनंत चतुर्दशीला गावाहून मुंबईत परतायचा बेत करू नकोस. विसर्जनाच्या मिरवणुका थेट कॉलेजसमोरच्या चौपाटीवर येतात, त्या दिवशी तिथे टॅक्सी मिळणं विसर. एक दिवस आधी ये.

फॉर्मची तारीख उद्याच बघ. रेक्टरना भेटायला जाताना बाबांना बरोबर ने आणि प्रार्थनेचा प्रश्न त्यांनाच विचारू दे. त्यांचं समाधान झालं नाही तर मला फोन करायला सांग, मी दुपारी दोननंतर घरीच असते.

तुझ्या,
बाई