फोनजवळचं स्टूल

सांगली

प्रिय ब्रदर,

वसतिगृहावर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. तिथली बरीचशी पोरं जत-आटपाडीकडची. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढे महिने त्या पोरांना तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून आधी फोन कुठे ठेवलाय ते बघ. आमच्या वेळी रविवारी पोरं घरी बोलायची तेव्हा शेजारी स्टूलवर मी बसायचो, बिल वाढू नये म्हणून. माझ्यादेखत पोर 'बरंय, जेवलो' याच्यापुढे काय सांगणार? हे कळायला मला फार वर्षं लागली. आता मोबाइल आला, पण तो वॉर्डनच्या हातात, स्पीकरवर! तू तसं करू नकोस. पोराच्या हातात दे आणि अंगणात जा. आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर ऑफिसात नको, न्हाणीघराच्या भिंतीवर रंगवून घे. तिथं तो वाचताना कोणी बघत नसतं.

एक सातवीतला मुलगा होता. रात्री अंथरूण उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी, मावशींजवळ झोपायला यायचा. मी दोनदा रागावून वर पाठवला. तिसऱ्यांदा मावशीच आडव्या आल्या, म्हणाल्या, "फादर, त्याला वर पाठवू नका." एवढंच. मी सुपिरियरांना, म्हणजे आमच्या वरिष्ठांना, चिठ्ठी लिहिली, पंधरा दिवसांत वर पोरांजवळ असणाऱ्या त्या माणसाची बदली झाली, आणि प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो. निरोप समारंभ केला, शाल-श्रीफळ दिलं. हार घालायला त्याच मुलाला पुढे केलं. तो हार त्याच्या हातात मीच दिला होता. माणूस गेला तिथंही पोरंच होती.

तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. तुला ती सोय नाही, 2012 पासून कायदा आहे. नुसती शंका आली तरी कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवायचं. आपण चौघांनी बसून पोराला 'नीट आठव बघू' म्हणायचं नाही, तपास आपला नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्याचं झाकलं तर वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात हायकोर्टानं एका डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा रद्द केला होता, सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये तो पुन्हा उभा केला. डॉक्टरला माफी नाही, मग झगेवाल्यांना कुठली?

रोमही आता वेगळं सांगत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या 2019 च्या फर्मानाप्रमाणे धर्मगुरूंनी आणि व्रतस्थांनी वरिष्ठांकडे कळवलंच पाहिजे, आणि देशाच्या कायद्याला त्यानं बाध येत नाही. प्रोव्हिन्शियलना, आपल्या प्रांताच्या प्रमुखांना, फोन जरूर कर, पण पोलीस ठाण्याच्या वाटेवरून. 'आधी आपल्यात बोलू' असं कोणी म्हणालं तर ऐकून घे आणि चालत राहा.

जबाबाला खाकी येईल या भीतीनं पोर गप्प होतं. त्याला आधीच सांग, की अधिकारी साध्या कपड्यात येतात, शक्यतो बाई असतात, आणि तू म्हणशील तिथं बसता येतं.

कन्फेशनचं, फादरपुढे दिलेल्या पापाच्या कबुलीचं, तू विचारशीलच. तू अजून फादर नाहीस, पण होशील. तिथल्या गुप्ततेची मोहर मोडायची नाही. पोराला एवढंच म्हणायचं, की हेच बाहेर येऊन मला पुन्हा सांगशील का? बाहेर सांगितल्यावर तुझे हात मोकळे.

हे सगळं तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. ऑफिसच्या दाराला काच बसव, पोराला एकट्याला खोलीत बोलावू नकोस, आणि याचा राग येत असेल तर तो मला लिहून कळव, पोरांपुढे नको.

मावशी आता तासगावला लेकीकडे असतात. त्या बाजूला गेलास तर भेट. माझं नाव काढल्यावर कदाचित बोलणार नाहीत. तरी काढ.

तुझा,
फादर